फलकावरचे शब्द आणि आपली सही

जुम्याची नमाज आटोपून लोक पांगले, की मशिदीच्या ओसरीवर दोन-चार जण मागे रेंगाळतात. कोणाला इद्दतीचा हिशेब विचारायचा असतो, कोणाला वारसाहक्काचा, कोणाला नुसतेच बोलायचे असते. काही महिन्यांपूर्वी असाच एक तरुण थांबला. औद्योगिक वसाहतीतील एका फरसाणच्या कारखान्यात तो मालाच्या तपासणीचे काम करतो. त्याने विचारले, "मौलाना, माझा पगार हलाल आहे का?"

शेव, चिवडा, फरसाण विकणे हा हलाल धंदा आहे. मग शंका कशाची? त्याने खाली मान घालून सांगितले. दुकानांतून मुदत संपलेली पाकिटे परत येतात. ती फोडून तो माल ताज्या मालात मिसळला जातो, नव्या पाकिटांत भरला जातो आणि त्यावर त्या दिवसाची तारीख छापली जाते. प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचा एक कागद जातो. त्यावर माल ताजा असल्याचे लिहिलेले असते आणि खाली याची सही असते. कारखान्याच्या दारातच एक मोठा फलक आहे: शुद्धता, प्रामाणिकपणा, ग्राहकाचा विश्वास. पाळी सुरू होण्यापूर्वी सर्व कामगार त्या फलकासमोर उभे राहून ते शब्द मोठ्याने म्हणतात. "मीही रोज म्हणतो, मौलाना. आणि आत जाऊन सही करतो."

मला त्या दिवशी एका निकाहला जायचे होते. मी म्हणालो, "मालकाचा गुनाह मालकाच्या माथी. तू हुकमाचा ताबेदार. हलाल धंद्यातली नोकरी आहे, मन लावून कर." तो सलाम करून निघून गेला. मला मात्र रात्री झोप आली नाही. माझे उत्तर चुकले होते, आणि ते घाईमुळे चुकले होते. वाचकहो, हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

हल्ली व्यवस्थापनाच्या पुस्तकांत एक प्रश्न नेहमी चर्चिला जातो. नोकरी करणाऱ्या माणसाची स्वतःची मूल्ये आणि त्याच्या संस्थेने जाहीर केलेली मूल्ये यांचा मेळ कसा बसावा? मेळ बसला तर कर्मचारी सुखी राहतो, संस्था भरभराटीला येते, असे ती पुस्तके सांगतात. परंतु या तरुणाच्या बाबतीत पाहा. कागदावर मेळ पूर्ण आहे. शुद्धता, प्रामाणिकपणा, विश्वास हे शब्द आपलेच आहेत. तहारत, सिद्क आणि अमानत हे त्याने मकतबमध्ये शिकलेले शब्द कारखान्याच्या दारावर मराठीत लिहिलेले आहेत. त्याची मूल्ये आणि फलकावरची मूल्ये एकच आहेत. बिघाड फलक आणि कारखाना यांच्यामध्ये आहे, आणि त्या दोहोंच्या मधोमध, तपासणीच्या टेबलाशी, हा तरुण बसलेला आहे.

सूरह सफ्फच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आयतींत अल्लाह श्रद्धावंतांना जाब विचारतो, की जे करत नाही ते बोलता का. आणि न करता बोलणे हे त्याच्याजवळ अत्यंत तिरस्करणीय असल्याचे सांगतो. आपण ही आयत वक्त्यांना लावतो, माझ्यासारख्या इमामांना लावतो, आणि ते योग्यच आहे. परंतु फलक हेही बोलणेच आहे. कारखान्याला जीभ नसते. तो माणसांच्या तोंडून बोलतो आणि माणसांच्या हातांनी करतो. मग बोलणारा कोण आणि करणारा कोण, हा हिशेब कोठेतरी माणसापाशी येऊन थांबणारच.

तो कोठे थांबतो, हे समजण्यासाठी आपल्याच देशातील एक प्रकरण आठवावे. हैदराबादच्या एका संगणक कंपनीचे नावच 'सत्यम' होते. उत्तम कारभाराबद्दल 2008 साली तिला 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला. 7 जानेवारी 2009 रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेली 5,000 कोटी रुपयांहून अधिक रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. पुरस्कार नंतर काढून घेण्यात आला. त्या कंपनीत 50,000 च्या आसपास माणसे नोकरीला होती. त्यांतील बहुसंख्य तरुण-तरुणींनी आपापल्या टेबलावर बसून सचोटीने काम केले होते. त्यांच्या घामाचा पैसा हराम होता असे कोण म्हणेल? वरच्या मजल्यावर काय चालले आहे हे त्यांना ठाऊकही नव्हते. परंतु खोटी बिले आपोआप तयार होत नाहीत. कोणीतरी ती टंकित केली, कोणीतरी वहीत चढवली, कोणीतरी तपासली असे लिहून दिले. एप्रिल 2015 मध्ये विशेष न्यायालयाने 10 जणांना दोषी ठरवले. त्यांत राजू आणि त्यांचे भाऊ होते, तसेच कंपनीच्या वित्त विभागात पगारावर काम करणारी माणसेही होती आणि अंतर्गत लेखापरीक्षणाचे प्रमुखही होते. पुढे अपिले झाली; ती कायद्याची बाब आहे. मला येथे एवढेच दिसते, की एकाच छपराखाली, एकाच फलकाखाली बसलेल्या माणसांचे हिशेब वेगवेगळे झाले. कंपनी खोटी होती म्हणून सर्व खोटे ठरले नाहीत, आणि पगारी नोकर होते म्हणून सर्व सुटले नाहीत.

आपल्या दीनमध्ये या प्रश्नाचा सर्वांत मोठा धडा हजरत युसूफ (अ.) यांच्या चरित्रात आहे. आपण सूरह युसूफ वाचतो तेव्हा विहीर, बाजार, तुरुंग आणि भावांची भेट यांत रमून जातो. परंतु त्यात एका नोकरदाराची कहाणीही आहे. युसूफ (अ.) यांनी आयुष्याचा फार मोठा भाग परक्यांच्या घरात आणि परक्यांच्या दरबारात चाकरी करण्यात घालवला. ज्या राजाकडे त्यांनी अधिकारपद स्वीकारले, त्याच्या राज्याचा कायदा युसूफ (अ.) यांच्या पित्याच्या शरीअतीप्रमाणे नव्हता. आयत 76 मध्ये हे स्पष्ट येते, की राजाच्या कायद्याप्रमाणे ते आपल्या भावाला ठेवून घेऊ शकत नव्हते. म्हणजे दरबाराची श्रद्धा वेगळी, कायदा वेगळा, रीतीरिवाज वेगळे. तरीही आयत 55 मध्ये ते स्वतः होऊन कोठारांची जबाबदारी मागतात, आणि मागताना दोनच गोष्टी सांगतात: मी राखण करणारा आहे आणि मी जाणकार आहे. अमानत आणि कौशल्य. दरबाराने आधी माझ्यासारखे व्हावे, मगच मी काम करीन, अशी अट त्यांनी घातली नाही. दुष्काळ येणार होता आणि लोकांच्या पोटाचा प्रश्न होता.

हेच युसूफ (अ.) त्याआधी अजीजच्या घरी होते. त्या घरात त्यांना मान होता, खाण्यापिण्याची ददात नव्हती. तेथे त्यांना एक दुष्कृत्य करण्यास सांगितले गेले. बंद दाराआड दिलेल्या त्यांच्या नकारात एक शब्द आहे, 'रब्बी', ज्याचा अर्थ काही मुफस्सिरांनी अल्लाह असा घेतला आहे, तर अनेकांनी घरधनी अजीज असा घेतला आहे: ज्याने मला चांगले ठिकाण दिले, त्याचा मी विश्वासघात कसा करू? दुसरा अर्थ घेतला, तर एका सेवकाने आपल्या मालकाच्या अमानतीची आठवण ठेवून गुनाह नाकारला असे होते. आणि दडपण वाढले तेव्हा आयत 33 मध्ये ते अल्लाहजवळ म्हणतात, की ज्याकडे या स्त्रिया मला बोलावतात त्यापेक्षा मला तुरुंग प्रिय आहे.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. एकीकडे अख्खा दरबार वेगळ्या मूल्यांचा असूनही ते तेथे काम करतात. दुसरीकडे केवळ एक कृत्य नाकारण्यासाठी ते तुरुंग पत्करतात. संस्था आपल्यासारखी आहे की नाही, यावरून त्यांनी निर्णय घेतलेला दिसत नाही. माझ्या हातून काय करवून घेतले जात आहे, यावरून घेतला आहे. त्या तरुणाला मी हे सांगायला हवे होते.

काही बंधू मला म्हणतात, गैरमुस्लिमांच्या कंपनीत आपली मूल्ये कशी जपणार? मला हा प्रश्न बराचसा चुकीचा वाटतो. नबुव्वतपूर्वी मक्केत हिल्फुल फुजूल नावाचा करार झाला होता. येमेनमधील जबीदच्या एका व्यापाऱ्याचा माल घेऊन मक्केतील एका बड्या असामीने, आस बिन वाइलने, पैसे बुडवले होते. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी काही कबिल्यांनी एकत्र येऊन शपथ घेतली, की पीडित कोणीही असो, त्याचा हक्क मिळवून देऊ. तरुण मुहम्मद (स.) त्यात सामील होते, आणि पुढे प्रेषितत्वानंतरही त्यांनी त्या कराराचा गौरवाने उल्लेख केला, आजही कोणी तशा करारासाठी बोलावले तर मी जाईन, असा त्याचा आशय होता. मूर्तिपूजकांच्या घरात झालेला तो करार होता. न्याय हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून आला म्हणून तो परका होत नाही. म्हणूनच त्या फरसाणच्या कारखान्यातील फलकाशी आपले भांडण नाही. उलट, त्या तरुणाने तो फलक खरा मानावा. मालकापेक्षाही खरा मानावा.

माझ्या उत्तरातील मोठी चूक 'हुकमाचा ताबेदार' या शब्दांत होती. सहीह बुखारीत हजरत अली (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषित (स.) यांनी एक तुकडी पाठवली, तिच्यावर एक अन्सारी सरदार नेमला आणि त्याची आज्ञा पाळण्यास सांगितले. सरदार कशावरून तरी रागावला. त्याने लाकडे गोळा करवली, आग पेटवली आणि तुकडीला आगीत शिरण्याचा हुकूम दिला. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. आगीपासून वाचण्यासाठीच तर आपण प्रेषितांकडे आलो, असे त्यांना वाटले. तोवर आग विझली आणि सरदाराचा रागही शमला. प्रेषितांना हे कळले तेव्हा त्यांनी सांगितले, की ते आगीत शिरले असते तर तिच्यातून कधीच बाहेर आले नसते. आज्ञापालन केवळ मारूफमध्ये, म्हणजे भल्या गोष्टीत असते. लक्षात घ्या, तो सरदार कोणी जुलमी परका नव्हता. तो प्रेषितांनी स्वतः नेमलेला होता. त्याच्याही हुकमाला ही मर्यादा होती. मग कारखान्याच्या मॅनेजरच्या हुकमाला ती नसेल काय?

फिकहच्या दृष्टीने नोकरी हा इजाऱ्याचा करार आहे. काम जायज असेल तर मोबदला जायज आहे. फरसाण तपासणे जायज, त्याचा पगार जायज. शिळ्या मालाला ताजे लिहून देणे हे जायज काम नाही, आणि मालकाने ते कामाच्या यादीत घातले म्हणून ते जायज होत नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणारे आपले प्रेषित होते, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे सांगणारेही तेच होते. त्या ढिगावर सही करणारा कोणी असता, तर त्यालाही त्यांनी तेच विचारले असते, असे मला वाटते. त्यात हा माल लहान मुलांच्या हातात जातो. ज्यात दुसऱ्याच्या जिवाला अपाय आहे, तेथे 'मला काय त्याचे' ही मुभा आणखी आक्रसते.

आता क्षणभर आरसा आपल्याकडे वळवू. कंपनीचा फलक खोटा आहे, हे आपल्याला चटकन दिसते. आपलाही एक फलक असतो. दाढी, टोपी, हिजाब, कपाळावरचा सजद्याचा डाग हे न लिहिलेले फलकच आहेत. सहकारी त्यावरून आपल्याविषयी काही अपेक्षा धरतात. जुम्याची जमात पावणेदोनला संपते. काही जण कामावर परततात तीन वाजता, मधली बिर्याणी नमाजच्या खाती जमा करून. ठरावीक वेळेसाठी ठेवलेल्या नोकराचा वेळ मालकाची अमानत असतो. फर्ज नमाजसाठी त्याला परवानगीची गरज नाही, परंतु अशा नोकराने परवानगीवाचून नफिलमध्ये वेळ घालवू नये, असे अनेक फकीहांनी लिहिले आहे. नफिल नमाजची ही कथा, तर बिर्याणीची काय असेल?

हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनच्या व्यापाऱ्यांना मापात पाप करू नका असे सांगितले, तेव्हा ते उपहासाने म्हणाले, की तुझी नमाज तुला हेच शिकवते काय, की आम्ही आमच्या मालाचे आमच्या मर्जीप्रमाणे करू नये? सूरह हूदच्या आयत 87 मध्ये हे आहे. आजही नमाजी माणसाने कार्यालयात चुकीच्या बिलाला हरकत घेतली, की तोच टोमणा ऐकू येतो. शुऐब (अ.) यांच्या पुढच्या आयतीतील उत्तरात दोन गोष्टी आहेत. ज्यापासून तुम्हाला रोखतो ते मी स्वतः करू इच्छित नाही, ही पहिली. आणि मला सुधारणा हवी आहे, माझ्याकडून होईल तितकी, ही दुसरी. हे 'होईल तितकी' एका प्रेषिताच्या तोंडी आहे, हे मला नेहमी धीर देते.

आणि आरसा मशिदीकडेही वळवावा लागेल. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, या हदीसवर मी गेल्या रमजानपूर्वी खुतबा दिला. लोकांना आवडला. खाली उतरलो तेव्हा आमचे मुअज्जिनसाहेब चटया गुंडाळत होते. त्यांचा दोन महिन्यांचा पगार तेव्हा थकलेला होता. मला ते माहीत होते. मिंबरवर उभे असतानाही माहीत होते. विश्वस्त वाईट माणसे नाहीत. मिनाराचे काम निघाले होते आणि पैसे तिकडे वळले होते. परंतु मिंबर हा आमच्या संस्थेचा फलक आहे, आणि त्या दिवशी त्याखाली सही माझी होती. मी त्या बैठकीत गप्प बसलो होतो, कारण माझाही पगार त्याच पेटीतून येतो. त्या तरुणाला घाईने उत्तर देण्यामागे निकाहचे निमित्त होते, हे खरे; पण त्याचा प्रश्न माझ्याही फार जवळचा होता, हेही खरे.

दुष्कृत्य हाताने बदलावे, ते न जमल्यास जिभेने, तेही न जमल्यास मनाने त्याचा धिक्कार करावा, आणि ही ईमानची सर्वांत दुबळी पायरी, ही सहीह मुस्लिममधील हदीस सर्वांना पाठ असते. आपण बहुतेक जण सरळ तिसऱ्या पायरीवर जाऊन बसतो. ज्याच्या हातात सही आहे, त्याच्यासाठी पहिली पायरी शिल्लक असते: सही न करणे. ते हाताचेच काम आहे.

पण याची किंमत मोठी असू शकते, आणि ती लपवून सल्ला देणे हाही एक प्रकारचा खोटा फलक ठरेल. इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांनी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरीत भेसळीवरून एक पेट्रोल पंप सील केला होता. नोव्हेंबर 2005 मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांची मूल्ये आणि त्यांच्या संस्थेची जाहीर मूल्ये यांत कोणतीच तफावत नव्हती. शुद्ध इंधन देऊ असे संस्था म्हणते, आणि त्यांनी ते म्हणणे अक्षरशः खरे मानले. म्हणून 'नोकरी सोड, अल्लाह राजिक आहे' असे सांगताना माझी जीभ अडखळते. अल्लाह राजिक आहे यात शंका नाही. परंतु तो रोजी माणसांच्या हातून पोहोचवतो, आणि सल्ला देणाऱ्याचे त्यात काहीच जात नाही. जुम्याला पहिल्या सफमध्ये पाच दुकानदार आणि दोन कारखानदार असतात. खरे बोलल्यामुळे नोकरी गेलेल्या मुलाला त्यांच्यापैकी कोणी सहा महिने कामावर ठेवील काय? मोहल्ल्याच्या बैतुलमालमधून त्याच्या घराचे भाडे जाईल काय? सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत नेकीत एकमेकांना साहाय्य करण्याचा आदेश आहे, तो केवळ नोकरदारापुरता नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या तरुणाला शोधून काढले आणि माझे उत्तर मागे घेतले. आम्ही दोघे बराच वेळ बोललो. त्याच्या वडिलांच्या औषधांचा खर्च आहे, बहिणीचे शिक्षण चालू आहे. मी त्याला अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्याचा मार्ग सांगितला; 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो नागरिकांना खुला आहे. तो म्हणाला, "मौलाना, तेथे इतके धैर्य मला आज नाही." मी त्यावर जोर केला नाही. जोर करायला हवा होता काय, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. कारण माल खाणारी मुले त्या ओसरीवर आमच्यात बसलेली नव्हती, त्यांच्या वतीने बोलणारे तेथे कोणीच नव्हते.

त्याने एक गोष्ट केली. मॅनेजरला चार ओळींची चिठ्ठी लिहिली, की फलकावर जे लिहिले आहे त्याच्या विरुद्ध असल्यामुळे परत आलेल्या मालाच्या खेपेवर मी सही करू शकत नाही. कसलाही आरोप नाही, धमकी नाही. त्याला वाटले, उद्या काढून टाकतील. काढले नाही. तपासणीच्या टेबलावर दुसऱ्याला बसवले आणि याला गोदामात धाडले. पगार तोच राहिला, बढती मात्र गेली.

मुअज्जिनसाहेबांची थकबाकी ईदच्या आधी चुकती झाली, हेही सांगितले पाहिजे. मी बैठकीत बोललो तेव्हा एकाही विश्वस्ताने विरोध केला नाही. मी जे भय बाळगले होते, ते माझ्याच मनात होते. सर्वांच्या बाबतीत असे होत नाही.

परवा तो तरुण पुन्हा थांबला. गोदामात परत येणारी खोकी आता त्याच्या नोंदवहीतून जातात. तो जुनी तारीख, खोक्यांची संख्या, दुकानाचे नाव, सर्व खरे लिहितो. परंतु ती खोकी पुढे कोठे जातात हे त्याला ठाऊक आहे. त्याने विचारले, "मौलाना, दार मी उघडतो, माल आत मी घेतो. हे माझ्या हातात मोडते का?" गुनाहला जवळचे साहाय्य कोणते आणि दूरचे कोणते, यावर फकीहांनी बारकाईने लिहिले आहे, परंतु त्या गोदामाच्या दाराला ते कसे लावायचे, हे मला तेथल्या तेथे सांगता आले नाही. या वेळी मला कोठेही जायचे नव्हते. मी त्याच्याकडून सर्व तपशील लिहून घेतला, दहा दिवसांची मुदत मागितली आणि माझ्या उस्तादांना पत्र पाठवले आहे.